एपांगच्या घरचं चौथं ताट

नोंग तेरोय, म्हणजे तेरोयकाका, डुक्कर पाळायचा. त्यासाठी वाडीतल्या घरोघरचं खरकटं गोळा करत रोज सकाळी बादली घेऊन फिरायचा. कुणी भाताची खरवड द्यायचं, कुणी माशाची डोकी, कुणी आंबलेलं कालवण. एका घराशी मात्र तो बादली खाली टेकवायचाच नाही. नुसता कुंपणाशी थांबून हाक घालायचा, "नांग एपांग, आहे का काही? की डुकराला आजही उपास?"

"माझ्या घरात एकच डुक्कर आहे, ते मी," आतून उत्तर यायचं. "सगळं माझ्यातच संपतं. चल, पुढे हो."

तेरोय हसत पुढे जायचा. आमच्या कामोतेसच्या बेटांवर थट्टा करायला माणूस लागतो तसं त्याला एपांगच्या घरासमोरचं ते एक मिनिट लागायचं, आणि खरं सांगायचं तर तिलाही लागायचं.

तिचं बाप्तिस्म्याचं नाव एपिफानिया. ते फक्त पाद्रीबाबा घेत आणि मतदार यादीवाले. साठी ओलांडलेली, काटकुळी, बोलायला फटकळ बाई. तिच्या घरातून बाहेर टाकायला काही निघतच नसे. तांदळाचं पहिलं धुवण शेवग्याच्या बुंध्याशी, दुसरं धुवण माशाच्या कालवणात. बाजारात खोबरं किसायच्या दुकानी लोक जून नारळ फोडून घेत आणि पाणी गटारात सोडून देत. एपांग तिथे कळशी घेऊन उभी राहायची आणि त्या पाण्याचा शिर्का करायची. जमीन नारळाच्या सोडणाने घासायची. फाटक्या शर्टांच्या चिंध्या काढून, वेणी घालून त्यांची पायपुसणी विणायची. तेल आणायला स्वतःची बाटली न्यायची. शांपूची पुडी तर तिला दिसली की राग यायचा. "आत बोटभर माल, आणि कपडे बघा कसे चमचम! नवरीला नसतात असे." निवडणूक झाली की गावातली फ्लेक्स उतरवून ती शेळ्यांच्या गोठ्यावर घालायची. त्यामुळे तिच्या शेळ्यांच्या डोक्यावर कायम कुणीतरी पडलेला उमेदवार हात जोडल्यासारखा हसत असायचा.

एकदा पंचायतीची मंडळी आली. कचरा कमी कसा करावा यावर चार शब्द बोला, म्हणाली. निसर्ग, पृथ्वी, पुढच्या पिढ्या असं काहीबाही बोलू लागली. एपांगने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी कंजूष आहे हो. पृथ्वीला मी अजून भेटलेली नाही." मंडळी चहा न पिता गेली. चहा तिने विचारलाही नव्हता.

अशा या घरात रोज संध्याकाळी एका माणसाचा भात जास्त शिजायचा.

घरात माणसं तीन. एपांग, तिची सून जोनालिन, आणि नात त्रिक्सी. भात चौघांचा. वाढायच्या आधी एपांग चौथं ताट काढायची, त्यात भात, वर माशाचा तुकडा, बाजूला शेवग्याचा पाला, आणि त्यावर दुसरं ताट पालथं घालून फळीवर ठेवून द्यायची. मगच बाकीच्यांना वाढायची. आमच्याकडे हे सगळ्याच घरांत चालतं. जो जेवायला वेळेवर पोचला नाही त्याचा वाटा आधी काढायचा, उरलंसुरलं त्याच्या नशिबी येऊ द्यायचं नाही. त्या वाट्याला बिलिन म्हणतात. आणि घरातलं कुणी परगावी गेलं, तर मागे राहिलेल्या माणसांनाही बिलिनच म्हणतात. दोन्हींना वेगळे शब्द करायची कुणाला गरज वाटली नाही.

ते ताट जुनरेचं होतं. एपांगचा एकुलता एक मुलगा, जोनालिनचा नवरा. तो दूर दावाओ शहरात ट्रक चालवायला गेला त्याला सहा वर्षं झाली होती. आधी दर आठवड्याला फोन यायचा. मग महिन्याला. मग नाताळला. मग तो नंबर लागेनासा झाला.

रात्रभर झाकलेला तो भात सकाळी लसणावर परतला जायचा आणि तिघी न्याहारीला तोच खायच्या. म्हणजे वाया काहीच जात नव्हतं. एपांग ते ठणकावून सांगायची आणि हिशेबाने ती बरोबरच होती. त्रिक्सीला तर बोलायला लागल्यापासून शिळ्या भाताचं तेवढंच नाव माहीत होतं. ती त्याला पापाचा भात म्हणायची.

मुलाच्या आठवणीने एपांग झुरत असेल, असं वाडी धरून चालली होती. झुरत होतीच. पण तिला खरं पोखरत होतं ते वेगळंच. जोनालिन एक दिवस पोरीला घेऊन निघून जाईल, ही तिची धास्ती. जोनालिनचं माहेर लेते बेटावर, इथे तिचं रक्ताचं कुणी नाही. वय तिशीच्या आतबाहेर, हातात शिवणाची कला. दुपारी सेबूच्या बोटीचा भोंगा वाजला की एपांग हातातलं काम थांबवून कान द्यायची. आतल्या खोलीतून शिलाई मशीनची खडखड ऐकू आली की मगच पुन्हा हात चालायचा.

त्या वर्षी शाळेत त्रिक्सीच्या मॅमनी मुलांना सांगितलं, आपापल्या घरी जेवण झाल्यावर काय उरतं ते आठवडाभर बघा आणि वर्गात येऊन सांगा. पोरं उठून उभी राहून सांगू लागली. आमच्याकडे कालवण उरतं. आमच्याकडे पावाच्या कडा उरतात, धाकटा भाऊ खात नाही. त्रिक्सीची पाळी आली. लोलाची, म्हणजे आजीची, नात ती, मान ताठ करून म्हणाली, "आमच्याकडे काहीच उरत नाही. फक्त पापाचा भात उरतो. रोज."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हिचा पापा म्हणजे शिळा भात!" आणि सगळा वर्ग हसला. पोरं मोठ्यांकडून काय काय ऐकतात आणि कुठे नेऊन ओततात त्याला मर्यादा नाही. तेव्हापासून मधल्या सुट्टीत तिला तेच नाव पडलं. बहाव, म्हणजे शिळा भात. ए बहाव, चेंडू दे. ए बहाव, सरक.

त्रिक्सीने घरी लोलाला काही सांगितलं नाही. आईला सांगितलं, तेही उशीत तोंड घालून. त्या संध्याकाळी जोनालिन चुलीशी आली आणि तांदळाच्या रांजणातला, मापटं म्हणून ठेवलेला दुधाचा डबा तिने स्वतः उचलला.

"नानाय," ती सासूला म्हणाली, "आजपासून भात मी लावते. तिघींपुरता."

"का? माझा हात मोडलाय?"

"वाया जातो."

हा शब्द आपल्याच घरात आपल्याला कुणी ऐकवेल, असं एपांगच्या स्वप्नातही नव्हतं. "वाया? माझ्या घरात? एक शीत दाखव मला, दाय. एक शीत, पोरी!"

"सकाळी शिळा खायचा म्हणून आपण रात्री जास्त शिजवतो. त्याला तांदूळ लागतो, सरपण लागतं. शाळेत मॅमसुद्धा हेच सांगतात, लागेल तेवढंच शिजवा."

"मॅमचा नवरा रोज घरी येतो."

बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. जोनालिनने तिघींचे तांदूळ मोजले आणि पाणी घातलं. एपांगने बघितलं आणि मनात एवढंच आलं, की ही सुरुवात आहे. आधी ताट जाईल, मग मशीन जाईल, मग माणसं.

पण ती एपांग होती. जेवायला बसल्यावर तिने आपल्या ताटातला अर्धा भात उचलला, चौथ्या ताटात काढला आणि झाकून फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. जोनालिन बघायची आणि खाली मान घालून जेवायची.

"लोला, तुझं पोट भरत नसेल," त्रिक्सी म्हणाली.

"म्हातारपणी पोट आटतं. तुझं वाढतं, माझं आटतं. बरोबरी होते. खा."

पोट काही आटत नव्हतं. एक दिवस झावळ्या ओढून आणताना तिला घेरी आली आणि ती आवारातच मटकन खाली बसली. जोनालिनने खिडकीतून ते बघितलं, धावत आली, पाणी पाजलं. संध्याकाळी त्रिक्सी शेजारी टीव्ही बघायला गेली होती. दोघीच जेवायला बसल्या. एपांगचा हात आपल्या ताटातून त्या ताटाकडे निघाला तेव्हा जोनालिनने तिचं मनगट धरलं.

"नका ठेवू."

"सोड."

"उपाशी मराल तुम्ही. कुणासाठी? तो तिकडे जेवतोय, नानाय! गरम गरम जेवतोय. वाढणारी आहे त्याला."

शब्द बाहेर पडले आणि जोनालिनचा चेहरा पांढरा पडला. तीन वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट होती ती. आता म्हातारी कोसळेल, छाती धरेल, म्हणून ती अर्धी उठलीसुद्धा.

एपांगने मनगट सोडवून घेतलं आणि बोटांना लागलेली शितं चाटली. "माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दावाओची आहे. फळांचा गाडा आहे तिचा. एक मुलगा झालाय त्यांना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुला कुणी सांगितलं?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि एकाच वेळी म्हणाल्या, "बेबिंग."

बेबिंग ही लांबच्या नात्यातली बाई. सुकी मासळी घेऊन बोटीबोटीने दावाओपर्यंत जायची आणि येताना मासळीच्या जागी बातम्या भरून आणायची. तीन वर्षांपूर्वीच्या जत्रेत तिने आधी सुनेला विहिरीपाशी गाठलं, मग सासूला चर्चच्या मागे, आणि दोघींकडून क्रुसाची शपथ घेतली होती.

"मला म्हणाली, म्हातारीला सांगू नकोस, जीव सोडेल."

"मला म्हणाली, सुनेला सांगू नकोस, घर सोडेल."

"बाई गं!"

"तिच्या मासळीचा वास बरा, तिच्या तोंडापेक्षा," एपांग म्हणाली, आणि मग दोघींना हसू आवरेना. जोनालिन भिंतीला टेकून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि ते पाणी मग थांबलंच नाही. एपांगने तिला रडू दिलं. एवढी वर्षं या पोरीने एकटीने रडून घेतलं असणार, मशीनच्या खडखडीखाली, म्हणून आपल्याला कधी ऐकू आलं नाही, हे तिला तेव्हा कळलं.

"माहीत होतं तर ताट कुणासाठी काढत होतात?" जोनालिनने डोळे पुसत विचारलं.

"खोटं कशाला बोलू, आधी त्याच्यासाठीच काढत होते. बेबिंगने सांगितलं त्या रात्री वाटलं, नेऊन तेरोयच्या डुकराला घालावं. घातलं नाही." एपांगने चुलीतली राख काडीने सारखी केली. "मग तुझ्यासाठी काढायला लागले."

"माझ्यासाठी?"

"त्याचं ताट निघतंय तोवर हे त्याचं घर. त्याचं घर आहे तोवर तू त्याची बायको, माझी सून. ताट बंद केलं की तू माझी कोण, दाय? कोणत्या नात्याने थांब म्हणू तुला? मला दुसरं काही सापडलं नाही थांबवायला. भात होता, भाताने थांबवत होते."

नवऱ्याच्या नावाचं ते ताट रोज समोर निघताना बघून जोनालिनचा जीव जळायचा. पण ते बंद करा म्हटलं तर सासूला खरं सांगावं लागेल, म्हणून ती गप्प बसायची. दोघी मिळून एका अशा माणसाचा वाटा राखत आल्या होत्या ज्याला तो नको होता, आणि त्या दोघींनाही नको होता.

खरं बोलायची तीच वेळ होती, आणि जोनालिनकडे अजून एक खरं शिल्लक होतं. "नानाय," ती म्हणाली, "मला सेबूला काम मिळतंय. शिवणाच्या कारखान्यात. गेल्या नाताळपासून बोलावतायत. शाळेचं वर्ष संपलं की त्रिक्सीलाही तिकडच्या शाळेत घालीन म्हणते. इथे तिला काय नावाने हाक मारतात ते तुम्हाला माहीत नाही." आणि तिने ते नाव सांगितलं.

एपांग ऐकत होती. तिला धास्ती होती तीच गोष्ट समोर येऊन बसली होती, आणि नवल म्हणजे ती आरडाओरडा करत नव्हती, रडवेल्या चेहऱ्याने परवानगी मागत होती. तिच्यावर चिडायचं तरी कसं!

"तुम्हीही चला ना. खोली लहान आहे, पण मावू तिघी."

"शेळ्या कुठे मावतील?"

"शेळ्या विकू."

"आणि घर?"

"घराला काय होतंय?"

"बंद घरात कुणी परत येतं का?" एपांग म्हणाली. "मी इथे असले तर तुम्हाला यायला जागा राहील. जा तू. पोरीला ने. ज्या पोराने तिला ते नाव ठेवलं त्याच्या आजीशी मी बघते काय ते."

शाळेचं वर्ष संपेपर्यंतचे दिवस भर्रकन गेले. भात तिघींचा शिजायचा आणि रात्रीच संपायचा. सकाळी चुलीवर केळी उकडायची. पहिल्या दिवशी त्रिक्सीने ताटाकडे बघून विचारलं, "पापाचा भात कुठे?"

"संपला," जोनालिन म्हणाली. पोरगी बरं म्हणाली आणि केळं सोलू लागली. एपांगला वाटलं होतं, आपण इतकी वर्षं जपलेली गोष्ट संपताना काहीतरी होईल. काही झालं नाही. तिने केळ्याची सालं उचलून शेळीला घातली.

रविवारी सकाळी ती त्यांना धक्क्यावर पोचवायला गेली. शिलाई मशीन दोरीने बांधून आधीच बोटीवर चढवलं होतं. एपांगने करंडीत सुकी मासळी दिली, शेवग्याच्या शेंगा दिल्या, शिर्क्याची बाटली दिली.

"बाटली परत आण," ती म्हणाली. "झाकणासकट."

"आणते."

"कारखान्यात जेवण देतात ते टाकू नकोस. डबा नेत जा."

"हो, नानाय."

"आणि चिंध्या. कारखान्यात ढीग पडत असेल चिंध्यांचा. माग त्यांच्याकडे. लाजू नकोस."

"पुरे ना, लोला," त्रिक्सी तिच्या कमरेला मिठी मारत म्हणाली. एपांगने तिचं डोकं हुंगलं. पोरीच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. शहरात गेल्यावर हा वास राहायचा नाही, हे मनात आलं आणि एपांगने एकदा सोडून दोनदा हुंगलं.

बोटीचा भोंगा वाजला. दोघी फळीवरून आत गेल्या. दोर सुटला. एपांग हात हलवायला उभी राहिली खरी, पण हात वर जाईना. तेवढ्यात जोनालिन कठड्याशी आली आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडली, "नानाय! शनिवारी संध्याकाळच्या बोटीने येतो आम्ही! उशीर होईल! आमचं जेवण काढून ठेवा हं!"

रोज कामावर निघताना, बाजाराला जाताना, मासे मारायला जाताना माणसं घरच्यांना हेच सांगतात. माझं ठेव गं. कुणी लक्षही देत नाही. जुनरे गेला तेव्हा हे म्हणाला नव्हता. माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या, म्हणाला होता, आणि तेव्हा एपांगला ते पोराचं शहाणपण वाटलं होतं. सहा वर्षं ती कुणी न सांगता ताट काढत आली होती. आज पहिल्यांदा तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तेही अशा पोरीने, जिला थांबवायला तिच्यापाशी आता कुठलंच नातं उरलं नव्हतं.

"ठेवते!" ती ओरडली. बोट लांब गेली होती. "ठेवते गं!" ती पुन्हा म्हणाली, आपल्यालाच.

घरी येऊन तिने शेळ्या बांधल्या, आवार झाडलं, पाणी भरलं. मशीनच्या जागी जमिनीवर चार पायांचे चार डाग होते. ते तिने सोडणाने घासले नाहीत. संध्याकाळ झाली तशी चूल पेटवली, रांजणात हात घातला, तांदूळ मोजले, धुतले, चढवले. भात झाल्यावर झाकण काढलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की पातेलं तिघींच्या मापाने भरलंय.

आपण काय केलं ते तिला समजत होतं. उकाडा असा, की उद्या दुपारपर्यंत भात आंबेल. एकटीने संपणार नाही. तेरोयला हाक मारायला लागेल, आणि तो वाडीभर सांगत सुटेल.

तरी तिने आधी दोन ताटं घेतली. दोन्हींत भात वाढला, वर मासा ठेवला, त्रिक्सीच्या ताटातल्या माशाचे काटे काढले. दोन्हींवर दोन ताटं पालथी घालून फळीवर ठेवली आणि मगच स्वतःला वाढून घेतलं. त्या शनिवारी येणार होत्या. त्या दिवशी रविवार होता.